पोळा ते संक्रांत

गर्भाचे आठवडे मोजताना आम्ही डॉक्टर शेवटची पाळी आली तो दिवस पहिला धरतो. गर्भ प्रत्यक्षात राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण मोजणी मागूनच सुरू होते. पाळीची तारीख टळून एखादीच्या काळजात पहिल्यांदा धस्स होतं, त्या दिवशी कागदावर चार आठवडे भरलेले असतात. लग्न झालेल्या, शिकल्यासवरलेल्या बायकांनाही हे पुष्कळदा ठाऊक नसतं. सोळा वर्षांच्या मुलीला कुठून असणार?

आपल्या नागपूरच्या सणांवर हे मांडून बघा. पोळ्याला पाळी चुकली तर तेव्हा चार आठवडे झालेले. दसऱ्याला दहाच्या आसपास, लक्ष्मीपूजनाला बारा-साडेबारा, संक्रांतीला तेवीस. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आणि त्यात मोठी दुरुस्ती झाली २०२१ मध्ये. या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसच्या मधे दोन डॉक्टरांचं लागतं, आणि ही वाढीव मुदत ज्यांना आहे त्यांत अल्पवयीन मुली येतात. चोवीस ओलांडले की गोष्ट डॉक्टरच्या हातात राहत नाही. पोटातल्या बाळात मोठं व्यंग नसेल तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढं अर्ज करावा लागतो. म्हणजे पोळा ते संक्रांत एवढाच काळ हातात असतो. आणि माझ्याकडे येणाऱ्या अल्पवयीन मुली बहुतेक संक्रांतीच्या बाजूच्या असतात.

लैंगिक शिक्षणावर बोलताना सगळे माहितीबद्दल बोलतात. माहिती हवीच. पण इतकी वर्षं या शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर मला सगळ्यात जास्त सतावतो तो हा उशीर. "माझी पाळी चुकली" हे तीन शब्द मुलीला एकाही मोठ्या माणसाजवळ उच्चारता येत नाहीत आणि त्यात महिने जातात.

एका मुलीचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. दहावीतली, अंगानं बारीक, हिवाळा म्हणून स्वेटर घातलेलं. आईच बोलत होती. "पोट्टीचं पोट फुगून राहिलं मॅडम. गॅस झाला असंल. दुकानातून गोळ्या आणून देल्या, काही फरक नाही." पाळीचं विचारलं तर म्हणाली, "येते ना. महिन्याच्या महिन्याले पॅडचा पुडा आणून देतो मी तिले. संपते ना पुडा."

मी आईला सिस्टरबरोबर बाहेर बसवलं. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुडा मीच संपवत होती."

दर महिन्याला, पाळी यायची त्याच तारखांना, ती न वापरलेले पॅड उलगडायची, पेपरात गुंडाळायची आणि सकाळी कचरागाडी आली की स्वतः नेऊन टाकायची. चार दिवस, रोज तीन. नवरात्रात घरचे सगळे कोराडीला दर्शनाला निघाले तेव्हा तिनं "मला अडचण आहे" म्हणून सांगितलं आणि ती घरी थांबली, म्हणजे कुणाला संशय यायला नको. हे सांगताना मात्र तिचा आवाज फाटला. "देवीच्या दारात जाऊन खोटं नाही बोलली मॅडम मी. घरीच राहिली."

मुलगी मंद नव्हती, बेफिकीर तर नव्हतीच. चार महिने एवढं काटेकोर नियोजन करणारी मुलगी होती ती. ही सगळी हुशारी, सगळी शिस्त लपवण्यात खर्च झाली, कारण ती दुसरीकडे नेण्याची जागाच तिला माहीत नव्हती. आईला का नाही सांगितलं, असं विचारलं. माराची भीती असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "शाळा बंद केली असती."

मुलगा शेजारच्या वस्तीतला, नुकताच एकोणिसावा लागलेला, हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. एकदा केल्यानं काही होत नाही असं त्याला मित्रांनी सांगितलं होतं. तरी पाचव्या दिवशी त्यानं टीव्हीवर जाहिरात पाहिलेली गोळी आणून दिली होती. ती गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, असा तिचा हिशेब आहे. बीज बाहेर पडणं ती लांबवते. गर्भ राहिला असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. पाचव्या दिवशी ती घेऊन दोघं निर्धास्त झाले, आणि पहिली पाळी चुकली तेव्हा गोळीमुळं मागंपुढं झालं असेल असं समजून आणखी एक महिना गेला.

सोनोग्राफीत बावीस आठवडे निघाले.

त्यानंतर जे होतं ते वाचणाऱ्या आयांना माहीत असावं म्हणून लिहिते. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे असं कळलं की मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. कलम १९. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलीची संमती होती की नव्हती, याला त्या कायद्यात जागा नाही. मी हे सांगितलं तेव्हा तिची आई खुर्चीवरून उठून माझ्या पायाशी बसली. "पोलीस नको मॅडम, हात जोडतो. वस्तीत तोंड दाखवायले जागा नाही राहणार." नेमकं याच क्षणी पुष्कळ कुटुंबं उठून निघून जातात आणि पुन्हा दिसत नाहीत.

म्हणून एक गोष्ट मी ताबडतोब सांगते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं आहे की मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिचं नाव, ओळख उघड करण्याची गरज नाही. हे पालकांना माहीत नसतं. अनेक डॉक्टरांनाही माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी नाव गाळण्याची त्यांना भीती वाटते. त्या दिवशी आई थांबली ती या एका वाक्यामुळं. तिची सही झाली, सरकारी रुग्णालयात दोन डॉक्टरांचं मत झालं, मुलगी भरती झाली. बाविसाव्या आठवड्याचा गर्भपात म्हणजे एका गोळीचं काम नसतं. कळा येतात, बाळंतपणासारख्याच, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. दसऱ्याला आली असती तर हे सगळं टळलं असतं. नवव्या आठवड्यापर्यंत गोळ्यांनी, बाराव्यापर्यंत छोट्या प्रक्रियेनं काम होतं आणि संध्याकाळी घरी जाता येतं.

पॉक्सोवर माझं मत सरळ एका बाजूचं नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी येते तेव्हा करणारा बहुतेक वेळा घरातला किंवा घरात ऊठबस असलेला असतो, आणि तिथं कायदा जितका कडक तितका मला हवा. त्या मुलीच्या मागं दुसरं कुणी उभं नसतं. पण सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघं एकमेकांवर जीव टाकणारे, यांनाही तेच कलम. २०१२ पर्यंत संमतीचं वय सोळा होतं, मग अठरा झालं; ते खाली आणू नये असं विधी आयोगानं २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे. तो वाद वरच्या पातळीवर चालू राहील. माझ्या टेबलासमोर त्याचा परिणाम असा दिसतो की मुलगी आणखी उशिरा येते, किंवा येतच नाही आणि कुणीतरी कुठून तरी गर्भपाताचं किट आणून देतं. ते किट चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. गर्भ किती आठवड्यांचा आहे, पिशवीत आहे की नळीत, हे न बघता घेतलं तर अर्धवट पडतं, रक्त थांबत नाही. नळीत गर्भ असताना किट घेतलेली मुलगी पांढरीफटक होऊन रात्री दोनला येते. असं एकदा बघितलं की "बदनामी" या कारणावर शांत बसवत नाही.

शाळांमध्ये मी बरीच वर्षं जाते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा धडा आहे, त्यात मासिक चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे, सरोगसी आहे. आकृत्या मुलींच्या तोंडपाठ असतात. पण गर्भाशयाची आकृती काढून पाच गुण मिळवणारी मुलगी स्वतःची मागच्या पाळीची तारीख सांगू शकत नाही. आणि आठवीनंतर जिची शाळा सुटली, तिच्यापर्यंत तो धडा पोचतच नाही.

म्हणून मी भाषण आधी करत नाही. चिठ्ठ्या मागते, नावाशिवाय. सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" असं लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय ते शेजारणीला कळत नाही. त्या चिठ्ठ्यांत नागपूरच्या पोरींचं सगळं जग असतं. "पहिल्यांदा केलं तर राहत नाही, हे खरं का?" खोटं आहे; पहिल्या वेळीही गर्भ राहतो. "पाळीत केलं तर चालते का?" शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात आणि या वयात बीज कधी बाहेर पडेल याचा नेम नसतो, त्यामुळं बिनधोक असा दिवस धरता येत नाही. "पांढरं जाते, म्हणजे हाडं झिजतात का?" नाही; वास, खाज किंवा रंग बदलला तर दाखवायचं, नाहीतर ते नेहमीचंच. "एका बाटलीनं पाणी प्यायलं तर?" त्यानं गर्भ राहत नाही. "लग्न नाही झालं तर डॉक्टर तपासतात का, की हाकलून देतात?" या शेवटच्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या प्रत्येक शाळेत येतात.

एका शाळेतली एक चिठ्ठी मात्र निराळी होती. "एक नातेवाईक घरी आले की जवळ बसवतात. मला आवडत नाही. सांगितलं तर मलाच बोलणी बसतील का?" अक्षर गोल, वहीच्या कागदाला समास आखलेला. बाकीच्या चिठ्ठ्या मी बाजूला ठेवल्या आणि उरलेला तास फक्त त्याच प्रश्नावर बोलले, वर्गात कुणाकडेही रोखून न बघता. कुणाला सांगायचं, पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्यानं ऐकलं नाही तर तिसऱ्याला. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहिला, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. शाळा सुटल्यावर पायऱ्यांवर थांबले. ती मैत्रिणीचा हात धरून आली. तिला अजून काही झालेलं नव्हतं, म्हणजे आम्ही ज्याला "झालं" म्हणतो ते. आम्ही वेळेत होतो. तिची आई, शाळेच्या बाई आणि मी, अशा तिघी दुसऱ्याच दिवशी बसलो.

यानं पोरं बिघडतील, असं म्हणणारे एक तरी वडील प्रत्येक पालकसभेत उभे राहतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांची काळजी खरी असते. युनेस्कोची २०१८ ची मार्गदर्शिका जगभरचे अभ्यास बघून सांगते की नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणानं मुलं लवकर सुरुवात करत नाहीत, उलट थांबण्याकडेच कल दिसतो. पण आकडे सांगण्यापेक्षा मी त्यांना एवढंच विचारते, घरातल्या मोबाइलवर पोराला काय दिसतं ते तुम्ही बघितलं का? मग सभेत शांतता पसरते. तिथं जे दिसतं त्यात नकार नसतो, भीती नसते, गर्भ नसतो, उद्याचा दिवस नसतो. त्याच्या शेजारी ठेवायला आपल्याकडं दुसरं काहीतरी हवं.

आपल्या राज्याचा इतिहास याबाबतीत दोन्ही तऱ्हेचा आहे. २००७ मध्ये शाळांतल्या किशोरावस्था शिक्षणावर बंदी घालणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. आणि याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिले वकील भीमराव आंबेडकर. खटला हरले. लोकांच्या मनातल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू मांडायला ते उभे राहिले होते, हे मी उत्तर नागपूरच्या वस्त्यांत बोलायला जाते तेव्हा आवर्जून सांगते. जिथं घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे, तिथल्या आया ते ऐकून सरसावून बसतात.

आणखी जवळचं उदाहरण विदर्भातलंच आहे. डॉ. राणी बंग नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकल्या. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. बायका हे सगळं अंगावर काढत होत्या. पुढं राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. ज्या विदर्भाला आपण मागास म्हणतो तिथल्या खेड्यांतून हे होऊ शकतं, तर धरमपेठेतल्या इंग्रजी शाळेला कशाची अडचण आहे हे मला कळत नाही.

आतापर्यंत मी लग्नाआधीच्या मुलींबद्दलच लिहिलं. आपल्या राज्यात किशोरवयात आई होणाऱ्या बहुतेक मुली मात्र मंगळसूत्र घालून येतात, आणि त्यांच्याबद्दल कुणाला धक्का बसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं; १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. वीटभट्टीवरून, बांधकामावरून सासूबरोबर आलेली मुलगी केसपेपरवर एकोणीस सांगते. चेहरा सोळाचा असतो. शरीराला मंगळसूत्र कळत नाही. या वयाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, झटके येण्याचा, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त, आणि देशातल्या या वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात मुळातच रक्त कमी. तिलाही कुणी सांगितलेलं नसतं की पहिलं मूल लांबवता येतं. सांगायचं कुणाला, सासूला की नवऱ्याला, हाच तिचाही प्रश्न असतो. अशा वेळी मी सासूलाच विश्वासात घेते. "आधी हिचं रक्त वाढवू, दुसरं तीन वर्षांनी" असं म्हटलं की बऱ्याच सासवा ऐकतात. त्यांनी स्वतः हे भोगलेलं असतं.

किशोरवयीनांसाठी सरकारी सोय नाही असं नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, आणि सरकारी रुग्णालयांत मुलामुलींसाठी वेगळी 'मैत्री क्लिनिक' असावीत अशी योजना आहे. तिथं समुपदेशक असतात, फी नसते. मी शाळेत विचारते, मैत्री क्लिनिक कुणाला माहीत आहे? हात वर होत नाहीत. मग मुलींना वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहायला लावते: आपल्या पाळीची तारीख, १०९८, आणि एका मोठ्या माणसाचं नाव, ज्याला काहीही सांगता येईल. आई, आत्या, बाई, डॉक्टर, कुणीही. तिसऱ्या ओळीपाशी पेनं थांबतात. काही मुली आईचं नाव लिहून खोडतात. आयांनो, ते नाव खोडलं जाऊ नये यासाठी तुम्ही आज संध्याकाळी भाजी निवडता निवडता मुलीला एवढंच म्हणा, "काहीही झालं तरी आधी मला सांग, तुझी शाळा मी बंद होऊ देणार नाही." त्या दहावीतल्या मुलीला हे वाक्य श्रावणात ऐकायला मिळालं असतं तर तिनं पोळ्यालाच सांगितलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आणि मुलगे. जवळजवळ प्रत्येक शाळेत मी पोचले की मुलांना मैदानावर पाठवलेलं असतं. गर्भ राहण्यात ज्याचा निम्मा वाटा आहे, त्याला त्या तासाला कबड्डी. हिंगण्याच्या त्या मुलाला ७२ तास म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं, निरोध कसा वापरतात हे सांगितलं नव्हतं, समोरची सोळा वर्षांची आहे म्हणजे कायद्यानं आपण कुठं उभे आहोत हेही सांगितलं नव्हतं. तो आता कोर्टाच्या तारखांना जातो. त्याच्या आईनंही माझ्या दारात येऊन विचारलं होतं, "मॅडम, आमच्या पोट्ट्याले कोणी काहून नाही सांगितलं?"

या महिन्यात एका शाळेचं पत्र आलं आहे: आठवी-नववीच्या विद्यार्थिनींसाठी मार्गदर्शन, एक तास. मी मुख्याध्यापकांना उलट कळवलं आहे की दोन तास द्या, मुलांनाही बसवा, आणि आधी पालकांची सभा घ्या, तिलाही मी येते. फक्त मुलींना बोलावणार असाल तर येणार नाही. पोळ्याच्या आधीची कुठलीही तारीख चालेल असंही लिहिलं आहे.